एकशे दहा इंची ऊन

आधीच सांगते, मी चिडलेली आहे आणि हे सगळं चिडूनच लिहिणार आहे. ज्यांना शांत, समजूतदार निवेदन हवं असेल त्यांनी टीव्ही कंपनीचं माहितीपत्रक वाचावं. त्यात सगळं फार गोड लिहिलंय.

आमच्या घरात टीव्हीवरून भांडणं होत, हे खरं आहे. माणसं चार. मी, त्रिशला, सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. नवरा श्रेणिक हळदीच्या व्यापारात. मुलगी सन्मती दहावीत. आणि सासूबाई, राजमतीआई, सत्तरी ओलांडलेल्या. आम्ही जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची आमची पद्धत. आता श्रेणिक बाहेरगावी असला की केव्हाही खातो आणि सन्मती तर मैत्रिणींबरोबर रात्री पिझ्झा खाऊन येते, त्याचं आता कुणी मनावर घेत नाही. पण आई या घरात लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांनी रात्री अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. आजारपणात नाही, प्रवासात नाही, सासरे गेले त्या दिवशीही नाही. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून सूर्याकडे नजर टाकायच्या, तो टेकत आला की चूळ भरायच्या, आणि मग दुसरा दिवस उजाडेपर्यंत विषय संपला.

इतक्या लवकर जेवणं झाली की पुढची संध्याकाळ संपता संपत नाही. मग टीव्ही. आईंना मालिका, श्रेणिकला कबड्डी, सन्मतीला कोरियातल्या पोरांच्या स्वयंपाकाच्या स्पर्धा. मी बातम्या किंवा ग्रहताऱ्यांची फिल्म लावा म्हणायचे आणि माझं कुणी ऐकायचं नाही. रिमोट उशीखाली लपवणं, रुसणं, "तुझं झालं की माझं" असली तहाची बोलणी रोज चालत. या कटकटीला कंटाळून २०३८च्या दिवाळीत श्रेणिकनं जाहीर केलं, की आपण बहुदृष्टी टीव्ही घेऊ या.

दुकानात विक्रेत्यानं आम्हाला चौघांना एकाच सोफ्यावर बसवलं. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडावर सतत हसू. म्हणाला, "आता प्रत्येकानं आपापल्या आवडीच्या कार्यक्रमाचं नाव घ्या. एकदम घेतलं तरी चालेल."

आम्ही घेतलं. समोरची भिंत उजळली आणि मला शनीची कडी दिसली.

"आयला, पकड! पकड!" श्रेणिक ओरडला.

"किती गोड आहे तो," सन्मती म्हणाली.

"बाई गं, परत सवत आली का हिला!" आई म्हणाल्या.

मी तिघांकडे बघितलं. तिघंही त्याच पडद्याकडे बघत होते. मला कबड्डी दिसत नव्हती, सवतही दिसत नव्हती, आणि शनीच्या कड्यांवरचं निवेदन सोडून दुसरा आवाज कानावर येत नव्हता.

यात चमत्कार काही नाही. लहानपणी आपल्याकडे ती खरखरीत पट्टी असायची, एका बाजूनं तिरकी धरली की वाघ, दुसऱ्या बाजूनं धरली की हरिण. तिच्यावर बारीक उभ्या रेघा असतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक भिंगच, ते एका दिशेला एक चित्र पाठवतं आणि दुसऱ्या दिशेला दुसरं. बहुदृष्टीच्या पडद्यावरचा एकेक ठिपका अशा भिंगाखाली बसवलेला असतो आणि तो एकाच वेळी शेकडो दिशांना वेगवेगळे रंग फेकतो. वरचा कॅमेरा कुणाचे डोळे कुठं आहेत ते बघत राहतो. तुम्ही सरकलात की तुमचं चित्र तुमच्याबरोबर सरकतं. आवाजाचंही तसंच. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींवर बसवून तो बॅटरीच्या झोतासारखा थेट तुमच्या डोक्यापाशी आणून सोडतात. शेजारच्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

"आणि मॅडम, हा तुम्हाला ओळखायला शिकतो," विक्रेता म्हणाला. "तुमचा मूड ओळखतो."

कसं ते त्याला सांगता आलं नाही, मला येतं. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्यात रक्त येतं आणि त्वचेचा रंग किंचित बदलतो. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून नाडी कळते. बुबुळं किती मोठी झाली, पापणी किती वेळा लवली, नजर कुठं अडखळली, हेही कळतं. गोष्टी हा टीव्ही स्वतःच रचत असल्यामुळे त्या तो जागच्या जागी बदलतो. कंटाळा दिसला की मारामारी आणतो, भीती दिसली की गाणं. बघणारा समोर बसून राहिला पाहिजे आणि समाधानात राहिला पाहिजे, एवढं एकच त्याला शिकवलेलं आहे.

मी म्हटलं, "आम्हाला पंचावन्न इंची साधा दाखवा. सगळ्यांना एकच चित्र दिसणारा."

विक्रेता मोठ्यानं हसला. "मॅडम, तसले आता दवाखान्याच्या बाहेर बसवतात. पेशंटसाठी."

श्रेणिकलाही हसू आलं. मग आकाराचा प्रश्न निघाला. एकशे दहा इंच मावेल अशी आमच्या हॉलमध्ये एकच भिंत होती, पश्चिमेची. म्हणजे खिडकी बुजवायला लागणार. मी सरळ नाही म्हटलं. श्रेणिक म्हणाला, "त्या खिडकीतून दिसतं तरी काय? शेजाऱ्यांची पाण्याची टाकी."

"मग दिवस मावळलेला मला कसा कळणार रे?" आईंनी विचारलं.

विक्रेता पुढं वाकला. "आजी, हा सांगेल की! सूर्यास्ताची वेळ रोज कोपऱ्यात दिसत राहील. अगदी मिनिटासकट."

आई खूश झाल्या. खिडकी बुजली.

मग आमच्याकडे शांतता आली. इतकी, की पाहुणे नवल करायचे. संध्याकाळी चौघं ओळीनं बसायचो, चौघांच्या चेहऱ्यावर वेगवेगळा उजेड. कुणी मध्येच हसायचं, कुणी डोळे पुसायचं, का ते बाकीच्यांना कळायचं नाही. एकदा श्रेणिकचे मामा म्हणाले, "वा, तुमच्या घरात खरा अनेकांतवाद आला." मी त्यांना तिथंच सांगितलं, की मामा, अनेकांतात दुसऱ्याची बाजू समजून घ्यायची असते, इथं ती दिसतच नाही. त्यांना वाटलं मी त्यांना शिकवतेय. नवा टीव्ही बघायला आलेला माणूस फुगून परत गेला.

पूर्वी आई आधीच्या भागातलं काहीतरी विसरल्या की सन्मती ओरडायची, "आजी, ती मेली ना गेल्या आठवड्यात!" आता आईंच्या मालिकेत कोण मेलंय आणि कोण जिवंत आहे हे आईंशिवाय आणि त्या भिंतीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. टोकणारं कुणी उरलं नाही. त्या दिवसेंदिवस खूशच दिसत होत्या. मी मनात म्हणायचे, चला, एवढं तरी बरं झालं.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस. आई त्यात एकवेळ जेवायच्या, तेही दुपारी. पर्वातल्या एका संध्याकाळी मी पेपर तपासून हॉलमध्ये आले. रस्त्यावरचे दिवे लागून बराच वेळ झाला होता. आई टीव्हीसमोर बसल्या होत्या. मांडीवर वाटी, वाटीत चिवडा, आणि त्या शांतपणे खात होत्या.

मी धावत त्यांच्यापाशी गेले.

"आई! अहो, काय करताय हे?"

"काय करतोय म्हणजे? खातोय की."

"आई, रात्र झालीय."

"काय तरी बोलू नको. अंगणात ऊन बघ की."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आम्हाला अंगण नाही.

मी पडद्याकडे बघितलं. मला तिथं माझ्या नेहमीच्या ग्रहताऱ्यांची फिल्म लागलेली दिसली. मग मी खाली बसले, आईंच्या गालाला गाल लावला आणि माझं डोकं त्यांच्या डोक्याला असं चिकटवलं, की कॅमेऱ्याला दोन माणसं वेगळी करता येऊ नयेत.

ऊन होतं. दुपारचं टळटळीत ऊन. समडोळीतलं आईंच्या माहेरचं अंगण मी त्यांच्या जुन्या फोटोंत पाहिलं होतं, ते सगळे फोटो श्रेणिकनं "आठवणी" म्हणून टीव्हीत भरून ठेवले होते. ते अंगण आता हलत होतं. दगडी पायरी, वाळत घातलेली हळकुंडं, पायरीशी कोंबडीची पिलं. आणि दारात आईंच्या आई उभ्या. मरून चाळीस वर्षं झालेली बाई कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "घाई न्हाई गं राजू. अजून लई दिवस हाय."

कोपऱ्यात सूर्यास्ताची वेळ नव्हती. वेळ म्हणून कुठंच नव्हती.

मी उठले आणि प्लग खेचला.

तेवढं मी करायला नको होतं, असं श्रेणिक पुढं कितीतरी वेळा म्हणाला. पण माझ्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं. भिंत काळी झाली आणि आईंना एका क्षणात खरा हॉल दिसला. ट्यूबलाइट, काळी दारं, काळी बाल्कनी, हातात अर्धी वाटी. त्यांनी वाटीकडे बघितलं, बाहेरच्या अंधाराकडे बघितलं, आणि त्या अशा किंचाळल्या की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. तोंडातला घास बोटांनी ओढून काढत होत्या. ओकारी काढायला बघत होत्या. "दिवस कुठं गेला? कुणी नेला?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

श्रेणिक आतून धावत आला. त्यानं माझ्या हातातून वायर हिसकावली आणि प्लग लावला. भिंत उजळली. आईंचा श्वास खाली बसला, मुठी सुटल्या, आणि जरा वेळानं त्या समोर बघून हसल्या. काही झालंच नव्हतं जणू.

"बघ," श्रेणिक दबक्या आवाजात म्हणाला. "विसरली. आता तिला काही सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला सुट्टी टाकली आणि कंपनीला फोन लावला. बऱ्याच गाण्यांनंतर एक बाई आली. आवाज मधासारखा.

"आमच्याकडे दिसतंय मॅडम, आपल्या ज्येष्ठ प्रेक्षकांसाठी 'स्वस्थ' ही सुविधा चालू आहे. समाधान उत्तम आहे."

"ही सुविधा कुणी चालू केली?"

"ती आपोआप होते, मॅडम. प्रेक्षकांना संध्याकाळच्या वेळी अस्वस्थता जाणवली, की चित्रं सौम्य केली जातात. गोष्टी सावकाश होतात, पात्रांची नावं परत परत सांगितली जातात. त्यानंही स्वस्थता आली नाही तर दिवसाचा प्रकाश दिला जातो."

"त्यांना अस्वस्थता कधीपासून आहे?"

"मार्चपासून."

मार्च! आम्ही भाद्रपदात होतो. "आणि सूर्यास्ताची वेळ दिसणार होती, तिचं काय झालं?"

"घड्याळ दिसलं की त्यांची नाडी वाढत होती, मॅडम. म्हणून ते काढलं गेलं."

"तुमच्या टीव्हीला मार्चमध्ये कळलं की या बाईला संध्याकाळी गोंधळायला होतं, नावं आठवत नाहीत, भीती वाटते. आणि घरात तीन माणसं असताना तुम्ही एकालाही कळवलं नाही?"

"मॅडम, आजाराचं निदान करायला आम्हाला कायद्यानं परवानगी नाही. आमचं उपकरण वैद्यकीय नाही."

"आणि रात्री ऊन पाडायला परवानगी आहे?"

"ती सुविधा आहे, मॅडम," ती म्हणाली. त्याच आवाजात. मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते मी परत घेत नाही, एवढं नमूद करते.

मिरजेला डॉ. फरहीन मुजावर मेंदूच्या डॉक्टर आहेत. उंच, तुटक बोलणाऱ्या, मला आवडल्या. त्यांनी आईंच्या तपासण्या केल्या, आईंना बाहेर बसवलं आणि आम्हाला आत बोलावलं.

"स्मृतिभ्रंश आहे. या आजारात दिवस मावळताना माणसं सैरभैर होतात. उजेड कमी झाला की मेंदूला खुणा सापडत नाहीत, ओळखीचं घर परकं वाटतं. बहुतेक घरांत आजाराचा पहिला संशय यावरूनच येतो. संध्याकाळी आजी अचानक चिडते, घरी जायचंय म्हणते, मग लोक माझ्याकडे आणतात."

"आमच्याकडे त्या चिडल्याच नाहीत," मी म्हटलं.

"हो. तुमच्या टीव्हीनं चिडू दिलं नाही."

औषध आता निघालेलं आहे. महिन्याला एक इंजेक्शन. जे गेलं ते परत येत नाही, पण आजार असतो तिथं थांबू शकतो. आई अजून त्या टप्प्यात होत्या, जेमतेम. फक्त एक अट होती. "मेंदू आपला कचरा गाढ झोपेत धुऊन काढतो," डॉक्टर म्हणाल्या. "औषध त्याला त्या कामात मदत करतं. झोप नसेल तर औषध पाण्यात. आणि रात्री डोळ्यांवर दुपारचा प्रकाश मारत राहिलात तर शरीराला रात्र झालीय हेच कळत नाही. त्यांची झोप मी तपासलीय, नुसती वरवरची आहे. तो टीव्ही बंद करावा लागेल. संध्याकाळ संध्याकाळसारखी यायला हवी."

"बंद केला तर ती घाबरते," श्रेणिक म्हणाला. "तुम्ही बघितलं नाही. मी बघितलंय."

"घाबरतील. ओरडतील, मारतीलही. काही आठवडे. काही जणांना त्याहून जास्त."

"मार्चमध्ये आणलं असतं तर?" मी विचारलं.

"त्यावर आता बोलून उपयोग नाही."

मला बोलायचं होतं. अजूनही बोलायचंय.

येताना आई गाडीत मागे झोपल्या होत्या आणि आम्ही पुढं हळू आवाजात कडाकडा भांडत होतो.

"ती सुखात आहे, त्रिशला. तिची आई भेटते तिला रोज. तू आणि मी म्हातारे झाल्यावर आपल्याला एवढं मिळेल का?"

"जन्मभर पाळलेलं व्रत त्यांच्या नकळत मोडलं त्या भिंतीनं! हे सुख?"

"तिला कुठं माहीत आहे मोडलेलं?"

"म्हणून चालेल?"

"हो, चालेल! तिला त्रास नाही ना, मग चालेल!" त्यानं स्टीअरिंगवर हात आपटला. "माझी आई किंचाळते ते ऐकायची माझ्यात ताकद नाही. झालं समाधान? तू सासूसाठी तत्त्वं सांभाळ, मला आई सांभाळू दे."

"त्यांना कुणी विचारलंय का, त्यांना काय हवं ते?"

"पर्वात रात्री खाल्लंस असं जर तू तिला सांगितलंस," तो म्हणाला, "तर मी तुला माफ करणार नाही."

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी.

सकाळच्या आई वेगळ्याच असतात. स्वच्छ. त्या स्वयंपाकघरात पाणी गाळत होत्या, हंड्याच्या तोंडाला कापड बांधून, धार जराही न सांडता. मी शेजारी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आजार, औषध, टीव्ही, अंगण, दारातली त्यांची आई, चिवडा. त्यांनी कळशी खाली ठेवली.

"पर्वात?"

"हो."

"किती येळा?"

"माहीत नाही आई. मी एकदाच बघितलं."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले, आणि माझ्या लक्षात आलं, की ही बाई माझ्याहून जास्त चिडलीय.

"माझ्या आईचं तोंड लावलं त्यानं?"

"हो."

"आमच्या समडोळीत म्हशीचं रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करायचे. ती बिचारी त्याला चाटत बसायची आणि पान्हा सोडायची. दूध काढून घ्यायचे." त्यांनी माझा दंड धरला, नखं रुतली. "मी म्हस हाय व्हय गं? माझ्यापुढं पेंढा उभा केला त्यांनी?"

श्रेणिक दारात आला होता. माझ्याकडे त्यानं असं बघितलं, की लग्न झाल्यापासून तसं कधी बघितलं नव्हतं. "आई, तू बस. हिचं ऐकू नको."

"तू गप. तुला ठाऊक हुतं?"

त्यानं मान डोलावली.

"ठाऊक हुतं आणि तू परत लावलास?"

"तू घाबरलीस आई. ओरडत होतीस. मला बघवेना."

"मग घाबरू दे की! माझी भीती हाय ती, तुझी न्हाई. बघवत नसंल तर डोळं मीट." मग त्या खुर्चीवर बसल्या, आणि पुढचं बोलल्या ते अगदी हिशेबी आवाजात, घरात लग्नकार्य असलं की कामं वाटून देतात तसं. "इंजेक्शन घेतो मी. आजच चला. आणि दोघं नीट ऐका. संध्याकाळी मी काय बी म्हणेन. शिव्या देईन, पाया पडेन. तवाचं ऐकायचं न्हाई. आत्ताचं ऐकायचं. आत्ता मी शाणी हाय."

त्याच दिवशी मिरजेला जाऊन पहिलं इंजेक्शन दिलं. घरी आलो, आईंनी वेळेत जेवून चूळ भरली. मी टीव्हीचा प्लग काढून ठेवला.

उजेड गेला तसं सुरू झालं. आधी त्या घरभर फिरल्या. मग दारं उघडून बघितली. मग टीव्हीच्या काळ्या भिंतीवर हात फिरवत राहिल्या, काच पुसल्यासारख्या. "लाव की गं. आई थांबलीय." मी नाही म्हटलं. त्यांनी मला वैरीण म्हटलं. माझ्या वडिलांचा उद्धार केला. मी सकाळची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "मी आसलं काय बोललोच न्हाई. तूच रचलंयस." आणि हातात सापडला तो तांब्या फेकून मारला. माझ्या कपाळातून रक्त आलं आणि मी मटकन खाली बसले. सन्मती रडत आतल्या खोलीत निघून गेली.

मग त्या श्रेणिककडे वळल्या. खरोखर त्याचे पाय धरायला वाकल्या. "बाळा, तू तरी लाव. हितं लई अंधार हाय रे. ही बाई मला मारून टाकंल."

मी ओरडले, "श्रेणिक, नाही!"

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो रडत होता. वाकून त्यानं वायर उचलली, प्लग हातात घेतला, आणि मला कळलं की तो आता लावणार. मला उठताही येत नव्हतं, कपाळाचं रक्त डोळ्यात उतरलं होतं. मी नुसती त्याला नको नको ते बोलत होते.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं सवयीनं काढून बघितला. कंपनीचा निरोप होता. तो मी नंतर वाचला, म्हणून तसाच्या तसा देते. "राजमतीजींची जागा आज रिकामी आहे. त्यांच्या आई अंगणात वाट बघत आहेत. एकदा टीव्ही लावून तर पाहा."

श्रेणिक तो निरोप वाचत उभा राहिला. त्याचं तोंड हळूहळू आवळत गेलं. त्याला मी चिडलेलं पाहिलंय, माझ्यावर, सन्मतीवर, बाजारभावावर, पण हे निराळं होतं. त्यानं प्लग खाली टाकला. कपाटातून हत्यारांची पेटी काढली आणि पकडीनं ती वायर भिंतीपाशी कापली, दोन ठिकाणी. मग आईंसमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"लावला का रे?" आईंनी विचारलं.

"नाही."

"दिवस हाय ना अजून?"

"नाही आई. मावळला. रात्र झालीय."

त्यांनी फाडकन त्याच्या थोबाडीत मारली. तो हलला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं.